तेवीस बायका आणि अमेरिकन फुटबॉल

...नाही, हसताय ते कळतंय मला, पण तुमच्या टीव्हीवर तशी डबी बसली असती ना, तर तुम्हीही माझ्यासारखे जिन्यात बसून देवाला हाका मारल्या असत्यात, आणि त्याही हळू आवाजात, कारण डबीला ऐकू येतं की नाही हे कुणी सांगितलेलंच नव्हतं... आणि मी काही भित्रा माणूस नाही, तुम्हाला सांगतो. मी एक्स-रे काढतो. चौदा वर्षं लंडनजवळच्या या वॉटफर्डात राहून रोज लोकांची मोडलेली हाडं बघतो, त्यावर घरी येऊन भेंडीची भाजी खातो, भित्र्या माणसाला जमेल का हे?

तर डबी. गेल्या हिवाळ्यात, म्हणजे दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात, दारात एक बाई आली, हातात फोल्डर, गळ्यात ओळखपत्र. आता गळ्यात ओळखपत्र असलेलं माणूस दिसलं की मी आधी सॉरी म्हणतो, मग विचारतो काय काम आहे. ती म्हणाली, देशात कोण कुठला कार्यक्रम बघतं ते मोजण्यासाठी आम्ही काही घरं निवडतो, तुमचं घर निवडलंय, टीव्हीवर एक छोटी डबी बसेल, बसवू का? मी म्हटलं, "यस, सॉरी." संपलं. आतून उल्का, म्हणजे आमची ही, "अहो कोण आहे?" विचारत येईपर्यंत माझी सही होऊन गेली होती.

मग कीथ आला. कीथ म्हणजे डबी बसवणारा. उंच, सज्जन, बूट काढून मोज्यांवर आत येणारा, आणि असे लोकच घात करतात. त्याने समजावलं, हा हँडसेट, एक नंबरचं बटण तुमचं, दोन मिसेसचं, तीन मुलीचं. टीव्ही चालू असताना खोलीत जो असेल त्याने आपलं बटण दाबायचं, खोलीतून गेला की पुन्हा दाबायचं. पाहुणा आला तर पाहुण्याचं बटण, मग त्याचं वय, मग बाई की पुरुष. नाही दाबलं तर डबीवरचा लाल दिवा लुकलुकत राहील. "आणि मिस्टर श्री," जाता जाता बुटाची नाडी बांधत म्हणाला, "तुमचं एक घर म्हणजे साधारण पाच हजार घरं, बरं का."

पाच हजार.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणापासून मी स्वतःच्या सोफ्यावर ताठ बसायला लागलो. म्हणजे मी सोफ्यावर डुलकी काढली की या देशात पाच हजार माणसं बातम्या चालू असताना घोरायला लागली? मी नाक खाजवायचं तरी कसं?

आणि वेळ कुठली, तर होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याला, आमचा अर्ज गेलेला. नागरिकत्वाचा. वडील होते तोवर भारतीय पासपोर्ट सोडायचा धीर झाला नव्हता मला. पण आमची अन्वी इथली जन्माची, तिचा पासपोर्ट वेगळा, त्यामुळे दर वेळी हीथ्रोला उतरलं की ती एका रांगेत आणि आम्ही दोघं दुसऱ्या. ती पाच मिनिटांत पलीकडे, आणि आम्ही दीड तासाने पोचावं तर पोरगी एकटी बॅगांवर बसून रडवेली झालेली. एकदा उल्का म्हणाली, "पुरे. मला माझ्या मुलीच्या रांगेत उभं राहायचंय." म्हणून अर्ज. त्या अर्जात एक प्रश्न असतो, तुमच्या चांगल्या चारित्र्याबद्दल शंका येईल असं तुम्ही काही केलं आहे का? मी 'नाही'वर खूण केली, आणि केल्या क्षणापासून अडकलो, कारण आता करून चालणार नव्हतं ना काही! मी लायब्ररीची पुस्तकं न वाचता परत केली. रस्ता रिकामा असला तरी सिग्नलवर हिरवा माणूस लागेपर्यंत उभा राहायला लागलो, माझ्यामागून निघालेल्या आजीबाई खरेदी करून परत आल्या तरी मी तिथेच. आणि अशात घरात डबी. मला पक्कं वाटायचं, डबी आणि होम ऑफिस आतून एक आहेत.

उल्का म्हणायची, "अहो, ती खाजगी कंपनी आहे. त्यांचा कॉम्प्युटर सरकारशी कशाला बोलेल? तुमच्या हॉस्पिटलात तळमजल्यावर काढलेला एक्स-रे वरच्या मजल्याला दिसत नाही."

पण भीतीला युक्तिवाद कळतो का?

बरं, मग बघायचं काय? सासू-सुनांच्या मालिका बंद केल्या, म्हटलं कुणाला वाटायला नको की या घरात सदान्‌कदा कुणीतरी विष कालवतंय. बातम्या बघाव्यात तर कुठल्या पक्षाकडे झुकतो असं दिसायचं? अशा शोधाशोधीत एका रविवारी संध्याकाळी सहा वाजता मला अमेरिकन फुटबॉल सापडला.

बघितलाय कधी? नाव फुटबॉल, पाय लावतात नैमित्तिक. सहा सेकंद काम आणि चाळीस सेकंद मीटिंग, अगदी आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीसारखं. डोक्याला हंडा, खांद्यांवर उशा, आणि सगळे मिळून एकाच्या अंगावर. मला नियम एकही कळला नाही, पण हाडं कळली! "हे कॉलरबोन गेलं... हा गुडघा आता सहा आठवडे... हे मनगट, दोन फिल्म घ्याव्या लागतील." मी तर सोफ्यावर बसून अर्धी ओपीडी चालवायचो. शिवाय या खेळाला इथे मोजके लोक, राजकारण नाही, धर्म नाही, चारित्र्याला धोका नाही. मी एक नंबरचं बटण दाबायचो आणि इतका निवांत व्हायचो...

मी काही भित्रा माणूस नाही, तुम्हाला सांगतो, पण जानेवारीतला तो रविवार आठवला की अजून तळहाताला घाम येतो. हा बघा.

संक्रांत यंदा रविवारीच आली. उल्काचं हळदीकुंकू. तेवीस बायका. तेवीसच्या तेवीस काळ्या साड्यांत, आणि आमची बैठकीची खोली एवढीशी, पाच सोफ्यावर, सहा खुर्च्यांवर, बाकीच्या गालिच्यावर, दोघी भिंतीवरच्या गरम रेडिएटरला टेकून. पुरुषांना मज्जाव. मला हुकूम होता, स्वयंपाकघरात उभं राहून मटारच्या करंज्या तळायच्या आणि बोलावल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही. पण घाईघाईत मी टीव्ही आवाज बंद करून चालूच ठेवून गेलो, आणि मॅच बादफेरीची होती हो, हरेल त्याचा हंगाम संपला.

दहा मिनिटांत उल्काचा आवाज. "अहो, ते तुमचं लाल लुकलुकणं थांबवा. फोटोत सगळ्यांची तोंडं लाल येतायत. सुप्रभावहिनींना गोवर झाल्यासारखं दिसतंय."

मी झारा हातात घेऊनच आलो. बघतो तर डबी थयथयाट करतेय, तिचं बरोबरच होतं, टीव्ही चालू, खोलीत तेवीस माणसं, आणि बटण एकही नाही. मी म्हटलं, "टीव्ही बंद करतो." तर सुहासिनीकाकू, आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, शहात्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे बदललेल्या, ते एक्स-रे मीच काढलेत, त्या सोफ्यावरून म्हणाल्या, "थांब रे श्रीनिवास. त्या तांबड्या सदऱ्यावाल्याला मघाशी पाडलाय. तो उठतो का ते बघू दे."

तेवीस जणी टीव्हीकडे बघायला लागल्या.

म्हणजे आता त्या प्रेक्षक झाल्या. नियमाने. आता पाहुण्याचं बटण, मग वय. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "एक छोटीशी औपचारिकता आहे, हे मशीन विचारतं, कोण बघतंय, आणि... म्हणजे... वय..."

कुणीतरी कुंकवाच्या करंड्याचं झाकण खटकन लावलं.

सगळ्यांत जवळ सुप्रभावहिनी. साठीच्या, शाळेत डेप्युटी हेड होत्या, नजर अशी की अजून समोर उभं राहिलं की हात आपोआप मागे जातात. म्हणाल्या, "तुम्हाला किती वाटतं, श्रीनिवासराव?"

आता काय सांगणार होतो मी? तुम्ही काय सांगितलं असतंत? झाऱ्यातलं तेल गालिच्यावर ठिबकत होतं. माझ्या तोंडातून निघालं, "चौतीस."

वहिनी म्हणाल्या, "बरोबर."

आणि मी दाबलं. तीन, चार. पण परिणाम लक्षात आला का? सुप्रभावहिनी चौतीस म्हटल्यावर बाकीच्या त्यांच्याहून मोठ्या कशा असतील? अनुराधा म्हणाली, "मी वहिनींपेक्षा दहा वर्षांनी लहान आहे, मग माझं चोवीस." दाबलं. हिची मुलगी मँचेस्टरला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला! सुहासिनीकाकू म्हणाल्या, "हिला चौतीस, तर मला तेहेतीस लिही. मी हिच्यापेक्षा जास्त चालते." दाबलं. मग झरझर, एकोणतीस, एकतीस, अठ्ठावीस, आणि शेवटी मंजिरी, पुण्याहून नुकती लग्न होऊन आलेली, बिचारी प्रामाणिकपणे म्हणाली, "माझं खरंच सव्वीस आहे," तर सगळ्या तिच्याकडे अशा बघायला लागल्या की काय उद्धट मुलगी आहे. आणि त्यांना कशाला हसू, मी स्वतः मिशी रंगवतो.

लाल दिवा विझला. मी स्वयंपाकघरात आलो. करंज्या जळाल्या होत्या. आणि तिथे, गॅससमोर, माझ्या डोक्यात गुणाकार झाला.

तेवीस गुणिले पाच हजार. एक लाख पंधरा हजार. या देशात त्या संध्याकाळी एक लाख पंधरा हजार तरुण स्त्रिया अमेरिकन फुटबॉल बघत होत्या, आणि त्या मी केल्या होत्या. झाऱ्याने.

मी काही भित्रा माणूस नाही, तुम्हाला सांगतो, पण त्या आठवड्यात मला पोस्टमनचे बूट ऐकू आले की मी बाथरूममध्ये जायचो. अन्वी म्हणायची, "बाबा, तू खूप घाबरली आहेस." मी तिचं व्याकरणही सुधारलं नाही. अवसानच नव्हतं.

पुढच्या रविवारी मॅच लावली. मधल्या जाहिराती बघतो... आधी काय असायचं? बिअर, टायर, दाढीचं ब्लेड. आणि आता? शाम्पू. हो, शाम्पू! केस उडवत एक बाई धावतेय. मग परफ्यूम. मग उंच टाचांचे बूट. मी उल्काला हाक मारली. उल्का म्हणाली, "अहो, शाम्पू पुरुष लावत नाहीत का?" मी म्हटलं, "हा लांब केसांचा आहे." ती म्हणाली, "तुमच्या त्या खेळाडूंचे केस बघा." पण मला समजत होतं ते समजत होतं. या देशाचे शाम्पूवाले माझ्या बटणावर नाचत होते.

आणि मग फेब्रुवारीत पेपरात बातमी, ट्रेनमध्ये फुकट मिळतो ना त्यात. ती अमेरिकेची लीग आपली खरीखुरी मॅच लंडनला आणणार. वेंब्लीला. अख्खे संघ, हंडे, उशा, सगळं विमानात घालून. पेपर माझ्या हातातून पडला. शेजारच्या गोऱ्याने उचलून दिला, मी त्याला म्हटलं, "सॉरी, मी एवढं म्हटलं नव्हतं." आता तुम्ही म्हणाल, तुझ्या एका डबीने कुणी वेंब्ली भाड्याने घेतं का? मीही आज तेच म्हणतो. पण तेव्हा डोळ्यांसमोर एकच चित्र, नव्वद हजार खुर्च्या रिकाम्या, मध्यभागी ते धिप्पाड संघ उभे, आणि लाउडस्पीकरवर, "वॉटफर्डच्या मिस्टर श्रींनी ताबडतोब मैदानावर यावं." आणि मी ज्या माणसांची हाडं मोजत होतो, ती माणसं माझी हाडं मोजायला येतायत.

त्याच संध्याकाळी कीथचा फोन. "मिस्टर श्री, चौदा जानेवारीच्या तुमच्या आकड्यांबद्दल जरा बोलायचंय. शनिवारी सकाळी येऊ? नथिंग टु वरी अबाउट."

नथिंग टु वरी अबाउट! अहो, हे वाक्य मी रोज म्हणतो. फिल्मवर काहीतरी दिसलं की मगच म्हणतो.

शनिवारपर्यंत मी जेवलो नाही. उल्काला म्हटलं, संपलं, चारित्र्य गेलं, आता तू आयुष्यभर त्या लांबच्या रांगेत. आतापर्यंत हसणारी उल्का पहिल्यांदा हसली नाही. म्हणाली, "खरंच अडकेल का हो अर्ज?" आणि तिचा चेहरा असा झाला की मग मी ठरवलं, काहीतरी करायचं. माझी कल्पना. सगळा मूर्खपणा माझाच. मी साक्षीदार बोलावले. कीथ यायच्या आधी पाचजणी हजर, सुप्रभावहिनी, अनुराधा, मंजिरी, रेडिएटरला टेकणाऱ्या त्या दोघींतली एक, आणि सुहासिनीकाकू. सांगितलं होतं, जरा तरुण दिसेल असं या. काकू खाली साडी आणि वर नातवाची हुडी घालून आल्या, टोपीसकट.

कीथ आला. बूट काढले. सोफ्यावर बसला, समोर या पाचजणी ओळीने. त्याने कागद काढला. म्हणाला, "चौदा जानेवारी, सहा वाजून वीस मिनिटं. तेवीस महिला पाहुण्या. कुणीही चौतिसाच्या वर नाही. बरोबर?"

मी उत्तर म्हणून साक्षीदारांकडे बोट दाखवलं.

कीथने वर बघितलं. ओळीवरून नजर फिरवली. काकूंवर थांबला. हुडी. काठी. पुन्हा कागद. पुन्हा काकू. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमचं वय विचारलं तर चालेल का?"

काकू म्हणाल्या, "थर्टी-थ्री. आय टोल्ड हिम ऑलरेडी."

आणि कीथने काय केलं माहीत आहे? खिशातून पेन काढलं आणि बरोबरची खूण केली. म्हणाला, आमचा नियम आहे, माणूस सांगेल ते वय, आम्ही वाद घालत नाही. आणि एवढे पाहुणे एका घरात असले की त्या दिवसाचे आकडे आम्ही धरतच नाही, मिस्टर श्री, तुमचा तो अख्खा दिवस आम्ही मोजलाच नाही. फक्त मशीन बिघडलं नाही ना एवढंच बघायला आलो. मी कसंबसं विचारलं, "आणि होम ऑफिस?" तो म्हणाला, "कुठलं होम ऑफिस?"

काय सांगू तुम्हाला. हलकं वाटलं, असं हलकं वाटलं की मी उल्काला म्हटलं चहा टाक, वड्या आण, कीथ जेवूनच जाईल. उल्काच्या डोळ्यांत पाणी. काकूंनी हुडीची टोपी काढली. सगळं गोड झालं होतं, आणि मी तिथे त्याला उठवून दाराशी नेलं असतं तर...

कीथ म्हणाला, "आलोच आहे तर घरच्यांची नोंद तपासून घेतो." आणि मोठ्याने वाचायला लागला. "एक नंबर, पुरुष, एकोणपन्नास. दोन नंबर, मिसेस उल्का, अठ्ठेचाळीस."

ओळीतल्या पाचही माना उल्काकडे वळल्या.

कारण मागच्याच वर्षी आम्ही उल्काचा चाळिसावा वाढदिवस केला होता. हॉल घेऊन. केक याच पाचजणींनी आणला होता. अनुराधा हळूच म्हणाली, "मग आपण मेणबत्त्या कशाच्या लावल्या?"

मी काय करणार हो? नोव्हेंबरात फॉर्म भरताना वरती कंपनीचा शिक्का होता, शिक्का बघून माझी पाचावर धारण बसली, मी पासपोर्ट काढून बघून लिहिलं. तेवीस बायकांची वयं मी बायकांना घाबरून खोटी दाबली, आणि एका बाईचं वय शिक्क्याला घाबरून खरं लिहिलं, आणि ती नेमकी माझी बायको निघाली.

मार्चमध्ये होम ऑफिसचं पत्र आलं. मंजूर. चारित्र्य चांगलं. उल्काने पत्र वाचून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "यांना काय माहीत तुमचं चारित्र्य? मला विचारायला हवं होतं." नवे पासपोर्ट आल्यावर ऑगस्टमध्ये आम्ही भारतात जाऊन आलो, परत येताना हीथ्रोला ती अन्वीबरोबर छोट्या रांगेत उभी राहिली, सहा मिनिटांत बाहेर, आणि पोरीचा हात धरून अशी चालली होती की मला बघूनच भरून आलं. नुसतं बघूनच, हात धरायला मिळाला नाही, कारण बॅगांची ट्रॉली माझ्याकडे होती.

आता पुन्हा हंगाम सुरू झालाय. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, सुहासिनीकाकूंना तो खेळ लागला. दर रविवारी सहाला त्या आमच्याकडे येतात, त्यांच्याबरोबर वहिनी, अनुराधा, मंजिरी आणि ती रेडिएटरवाली, सोफ्यावर जागा धरतात, नियम सगळे पाठ. वेंब्लीची तिकिटं पण काढली त्यांनी, सहा. सहावं उल्काचं. मला? मला उल्काने त्या दिवसापासून स्वयंपाकघर दिलंय, मॅच सुरू झाली की साबुदाणेवडे. आतून ओरडा ऐकू येतो, कुणाचं तरी हाड गेलेलं कळतं, पण कुठलं ते दिसत नाही. आणि खोलीत नसलो की माझं एक नंबरचं बटण बंद करावं लागतं, नियम म्हणजे नियम, तो मोडायची माझी हिंमत नाही.

तेव्हा पेपरात कधी वाचलंत की या देशात अमेरिकन फुटबॉल बघणारे मध्यमवयीन पुरुष यंदा अचानक पाच हजारांनी घटले, तर कारणं शोधत बसू नका. तो मी आहे. वडे तळतोय.